ताईला वाचून दाखवलेल्या बातम्या

डायलिसिसच्या खोलीत पहिल्या दिवशी मी ताईला पेपरातला अग्रलेख वाचून दाखवायला घेतला. एक परिच्छेद झाला असेल, तोच ती म्हणाली, "हे बंद कर बाई. पिच्चरवाल्यायचं काही असन तर वाच."

ताईची नजर तोवर पुरती गेली होती. साखरेनं आधी तिचे डोळे नेले आणि मग दोन्ही किडन्या. तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंगळुरूला नोकरीत होता. मी अमरावतीच्या शाळेतून गणिताची बाई म्हणून निवृत्त झाले होते, मागे कुणी नव्हतं. घराला कुलूप लावलं आणि अकोल्याला तिच्याकडे राहायला आले. मंगळवार, गुरुवार, शनिवार असे तिचे वार ठरलेले होते. सकाळी रिक्षानं जायचं, वजन करायचं, डाव्या हातात दोन जाड सुया टोचून घ्यायच्या आणि दुपारपर्यंत यंत्राशेजारी पडून राहायचं. त्या वेळात तिला काहीतरी ऐकायला हवं होतं.

सिनेमाचं वेड तिला लहानपणापासून होतं. आम्ही तेल्हाऱ्यात वाढलो. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. घरात मासिक येण्याची सोय नव्हती, पण किराण्याच्या पुडीला जो कागद असायचा त्यावर नटीचं अर्धं तोंड दिसलं तरी ताई तो कागद इस्त्री केल्यासारखा सपाट करून वाचायची. पुढे टेलिफोन ऑफिसात लागली तेव्हा पहिल्या पगारातून तिनं सिनेमाचं साप्ताहिक लावलं. मला त्यात कधी रस नव्हता. कोण कुणाचा नवरा आणि कोण कुणाची मेहुणी, हे तिनं सांगायचं आणि मी विसरायचं.

आता तेच मला मोबाइलवर शोधून वाचायचं होतं. मला वाटलं, सोपं काम आहे. एवढ्या साइट आहेत, बोट लावलं की बातमी. प्रत्यक्षात बोट लावलं की आधी जाहिरात उघडायची. ती बंद करायची फुली मोहरीएवढी, ती चुकली की रमीचा खेळ सुरू व्हायचा. मथळा म्हणायचा, अमुक नटाच्या घरात असं काय घडलं की सगळे हादरले. खाली पानभर मजकूर, आणि शेवटी कळायचं की त्याचं मांजर गच्चीवर अडकलं होतं. ताई पहिल्यांदा हसली. नंतर चिडायला लागली. एकदा मी तीन साइटवरून एकच बातमी वाचली. तिन्हीकडे तेच शब्द, त्याच शुद्धलेखनाच्या चुका. ती म्हणाली, "हे तर पोरायनं एकमेकाची कॉपी केलेली दिसते. तुले वर्गात समजत होतं नं, कोणाचं पाहून कोणी लिवलं ते?"

शेजारच्या पलंगावर एक मुसलमान बाई असायच्या, सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. त्यांच्या घरचा गाद्या-रजयांचा धंदा होता, आणि आजारपणाआधी त्या स्वतः दुकानात बसून टाके घालायच्या. त्याही ऐकायच्या. त्यांना जुन्या माणसांच्या बातम्या हव्या असत, कोण अजून आहे, कोण गेलं. हळूहळू मी दोघींसाठी वाचायला लागले. टेक्निशियन जाता-येता म्हणायचा, बाई, आवाज जरा मोठा ठेवा, तिकडच्या आजोबांनाही ऐकायचंय.

होळीच्या सुमाराला एक बातमी आली. एका जुन्या मालिकेत मोठ्या जावेचं काम करणारी नटी, तिचा हसरा फोटो. मी मथळा वाचायला घेतला आणि अर्ध्यातच थांबले. दोन्ही किडन्या निकामी, तरी हसतमुख, असं त्यात होतं. ताईला दिसत होतं तेव्हा तिनं शेवटची पाहिलेली मालिका तीच. त्या नटीच्या साड्यांचे काठसुद्धा ताईला पाठ होते.

"कावून थांबली?" ताई म्हणाली. "वाच नं पुढं."

मी वाचलं. ती बाई आठवड्यातून तीन वेळा यंत्रावर जाते, शूटिंग थांबलंय, चाहत्यांनी प्रार्थना करावी. मग खालांनी विचारलं की तिलाही पाणी मोजूनच देतात का. ते काही बातमीत नव्हतं.

त्या दिवसापासून बाकी कुणाच्या बातम्यांत दोघींना गोडी राहिली नाही. सुया टोचून झाल्या की पहिला प्रश्न, ती कशी आहे. मी शोधायचे, आणि प्रत्येक साइट वेगळं सांगायची. एकीकडे तिच्या भावानं किडनी दिली होती. दुसरीकडे तिला भाऊच नव्हता. एकीवर ती दुबईला होती, एकीवर पुण्याजवळच्या कुठल्यातरी आश्रमात. फोटो सगळीकडे तोच. मी ताईला सांगितलं की यातलं काही खरं दिसत नाही. ताई म्हणाली, खरं नसेल तर खरं शोध, एवढी शिकलेली आहेस.

मग उन्हाळा लागला. अकोल्याचा उन्हाळा धडधाकट माणसालाही सोसत नाही, आणि या लोकांना दिवसाला थोडंसंच पाणी. ताई बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून डोळे मिटून पडायची. खालांचे ओठ फाटलेले असायचे. त्याच दिवसांत खालांच्या मुलाला मोबाइलवर एक बातमी सापडली. ती नटी बरी झाली होती म्हणे. पालेभाज्यांचा आणि फळांचा कसलासा रस रोज घेऊन तिनं यंत्र सोडलं होतं. रस कसा करायचा तेही खाली दिलं होतं. तो आनंदानं मला दाखवायला आला. मी त्याला सांगितलं, हे कुणी लिहिलंय त्याचं नाव नाही, तारीख नाही, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नकोस. त्यानं मान हलवली. पण आईची तहान रोज डोळ्यांपुढे होती, आणि रस म्हणजे निदान ओलावा तरी. त्यानं दिला.

पुढच्या वेळी खालांना स्ट्रेचरवरून आणलं. त्या रसानं रक्तातलं पोटॅशियम वाढलं होतं, छातीचे ठोके चुकत होते. डॉक्टर मुलाला दारातच बोलले, सगळ्यांदेखत. तो भिंतीला टेकून उभा होता, हातात ती रसाची बाटली, दाखवायला म्हणून आणलेली. ताईला दिसत नव्हतं, पण ती सारखी मला विचारत होती, श्वास चालू आहे का, बोलल्या का काही. खाला त्या खेपेला वाचल्या. पण आठवडाभरानं पलंगावर परत आल्या तेव्हा आवाज निम्मा झाला होता आणि उशीवरून मान उचलायची तर मुलाचा आधार लागायचा.

त्यानंतर मी हट्टालाच पेटले. घरी, दुपारी ताई झोपली की बसायचे. लिहिणाऱ्याचं नाव नसलेली साइट बाजूला. तारीख नसलेली बाजूला. सूत्रांकडून समजतं असं म्हणणारी बाजूला. शाळेत चुकीची गणितं खोडावी तशी मी एकेक खोडत गेले, आणि शेवटी फार थोड्या उरल्या. त्यातली एक मराठीच होती. दिसायला अगदी साधी, फोटो लहान, मथळे मुळमुळीत. पण एखादी बातमी चुकली तर वरच लिहायचे, काल आम्ही असं लिहिलं होतं, ते चूक होतं. कोणाशी बोललो तेही लिहायचे. मी तिथे त्या नटीचं नाव टाकलं.

ती गेली होती. आम्ही होळीला पहिली बातमी वाचली त्याच्याही आधी, थंडीतच. बातमी लिहिणारी मुलगी नटीच्या बहिणीला भेटून आली होती. घरच्यांनी गाजावाजा केला नव्हता. शेवटचे काही दिवस नटीनं यंत्रावर जाणं स्वतःहून थांबवलं होतं आणि घरी राहिली होती. मागे दोन मुली. आम्ही तीन महिने जिच्या तब्येतीची विचारपूस करत होतो, ती त्यातल्या एकाही दिवशी जिवंत नव्हती. जाहिरातींसाठी तिला जिवंत ठेवलं होतं.

ताई कुशीवर वळली आणि म्हणाली, "काय सापडलं?" माझा श्वास बदलला होता, तेवढ्यावरून तिला कळलं होतं.

मी म्हटलं, काही नाही, उद्या सांगते.

"मी आंधळी हाय, बहिरी नाई," ती म्हणाली. "वाच."

मी सगळं वाचलं. ती उठून बसली. यंत्र थांबवण्याचा तेवढा भाग परत वाचायला लावला. शेवटी म्हणाली, "हे साइट चांगली हाय. आता हेच वाचत जा मले."

खालांना सांगू नये असं मला वाटत होतं. त्यांच्या मुलालाही तेच वाटत होतं. पण शनिवारी खालांनी त्या निम्म्या आवाजात विचारलंच, आणि मी शब्द जुळवत होते तोवर ताई बोलून गेली, "गेली ते. लय आधीच गेली."

खालांनी दुआ पुटपुटली. मग विचारलं, "बच्चे थे?"

"दोन पोरी," ताई म्हणाली.

यंत्र संपेपर्यंत खालांनी आपला मोकळा हात पलंगांच्या मधल्या जागेत धरून ठेवला होता. ताईला तो दिसत नव्हता. मी ताईचा हात उचलून त्यात दिला.

पुढच्या आठवड्यात ताईनं डॉक्टरांना मला बाहेर पाठवायला सांगितलं. आत काय बोलणं झालं ते तिनं मला रिक्षात सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. हृदय थकलंय, यंत्रावर रक्तदाब सारखा पडतो, पावसाळा निघणं अवघड. मग म्हणाली, पोराला फोन लाव. भाचा तोवर दर आठवड्याला फोन करायचा आणि ती दर वेळी सांगायची, मजेत आहे. त्या दिवशी तिनं त्याला तसं सांगितलं नाही. ती म्हणाली, "सुट्टी काढून ये. मले बोलता येते तोवर ये."

तो आला. पंधरवडा राहिला. पहिले दोन दिवस तो नागपूरच्या, मुंबईच्या दवाखान्यांचे नंबर फिरवत होता, आणि रात्री जेवताना मोबाइलमध्ये नवनवे उपचार शोधत होता. ताईनं त्याला शेजारी बसवलं आणि ती साधी साइट उघडायला लावली. त्याला वाटलं, आईला सिनेमाच्या बातम्या हव्यात. तिनं त्याच्याकडून त्या नटीची बातमी वाचून घेतली. शेवटच्या ओळी वाचताना तो अडखळला आणि उठून गॅलरीत गेला. तो तिथे रडतोय हे आम्हाला दोघींना ऐकू येत होतं. मी उठायला लागले तर ताईनं माझा पदर धरला. "रडू दे त्याले," ती म्हणाली. "मी असताना रडलेलं बरं."

तिनं यंत्र लगेच सोडलं नाही. मुलासाठी आणखी काही खेपा केल्या. मग एका मंगळवारी रिक्षा दाराशी आली आणि ती म्हणाली की आज नाही. भाच्यानं आणि मी तिला खूप विनवलं नाही. शेवटच्या दिवसांत तिला धाप लागायची, पाय सुजले, आणि बोलणं कमी कमी होत गेलं. ते सोपं मरण नव्हतं. वाचायला सांगायची, आणि दोन ओळींत तिला गुंगी चढायची. मी वाचत राहायचे, कुठल्यातरी चित्रपटाचं चित्रीकरण सुरू झालं, कुणीतरी गाणं गायलं.

एका पहाटे ती गेली. घरात बुद्धवंदना झाली, तेल्हाऱ्याहून चुलतभाऊ आले, टेलिफोन ऑफिसातल्या दोन म्हाताऱ्या बायका आल्या. ऊन चढल्यावर दाराशी एक रिक्षा थांबली आणि मुलाचा खांदा धरून खाला उतरल्या. जिना नव्हता, तरी चार पावलांना त्यांना दोनदा थांबावं लागलं. ताईच्या उशाशी त्यांना खुर्ची दिली. त्या ताईच्या डाव्या हाताकडे बघत होत्या, सुयांनी गाठाळलेल्या त्या नसेकडे. स्वतःच्या हातावरची ओढणी त्यांनी नीट केली.

कुणीतरी त्यांना पाण्याचा ग्लास दिला. त्यांनी दोन घोट घेतले आणि उरलेला ग्लास माझ्या हातात परत दिला. मग मुलानं हळूच सांगितलं की निघायला हवं, आज त्यांचा वार आहे, यंत्राची वेळ झाली.