मागे न जाणारी सीट

ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात किस्से कसे साचतात माहीत आहे? कूलरच्या टाकीत खार साचतो ना, तसे. उन्हाळाभर लक्ष जात नाही, आणि मग टाकी घासायला घेतली की बोटभर थर. बसा खरवडत!

माझी पंचाईत अशी की ऐकायला कोणी उरलं नाही. माझ्या वर्गातले सगळे पुण्याला, नाहीतर बंगलोरला. एकेकाला मीच वर्धा स्टेशनवर सोडून आलो. त्यांचा फोन येतो, "काय चाललं बे?" मी किस्सा सुरू करतो. तो रंगात येतो तेवढ्यात पलीकडून, "थांब, मीटिंग आहे."

आता तुम्ही सापडलात. बसा.

*

मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. का सोडलं ते विचारू नका, सगळा जिल्हा विचारून थकला.

त्याच सुमारास, म्हणजे दोन हजार पाच-सहाकडे, विमानाची तिकिटं उतरली आणि वर्ध्यातल्या एकूण एक रिटायर माणसाला उडायची उबळ आली. माझ्या काकांचं स्टेशनजवळ ट्रॅव्हल्सचं ऑफिस. त्यांनी लगेच 'नागपूर ते दिल्ली विमानाने, पुढे आग्रा-हरिद्वार' अशी टूर काढली. सोबत कोण जाणार? काका म्हणाले, "हे पोरगं रिकामंच हाय. जाईन म्हाताऱ्यांले घेऊन."

असा मी टूर मॅनेजर झालो. काम काय, तर ज्यांनी जन्मात कोणाचं ऐकून घेतलं नाही त्यांना सीटबेल्ट लावायला सांगणं.

बाबा पिपरी मेघेतल्या घरी व्हरांड्यात पेपर वाचत होते. तेही रिटायर, हायस्कूलात गणित शिकवायचे. कॉलेज सोडलं त्या दिवसापासून ते माझ्याशी थेट बोललेले नव्हते. सगळं आईमार्फत. मी समोर ताटावर बसलेलो असायचो आणि ते आईला म्हणायचे, "त्याले विचार, भाजी पाह्यजे का." आई मला विचारायची. मी आईला सांगायचो. भाजीचं पातेलं बाबांच्या हाताशी असायचं!

तर काकांचा निरोप आईने व्हरांड्यात नेला. आतून मला बाबांचं उत्तर ऐकू आलं. "त्याले म्हण, पदवीशिवाय विमानात तरी बसला."

*

विमानात हाताच्या दांडीला एक बटण असतं. दाबलं की सीट मागे जाते. तुमची पाठ टेकते आणि सीट मागच्याच्या गुडघ्यांवर येते. जागा चार बोटांची, पण त्या चार बोटांत माणूस पूर्ण दिसतो.

नागपूरच्या विमानतळावर मी सगळ्यांना गोळा करून हे समजावून सांगायचो. मागे बघा, विचारा, हळू घ्या. जेवण आलं की सरळ करा. ऐकणाऱ्यांत निम्मे बॅगेतला चिवडा शोधत असायचे.

पहिल्याच टूरला कलेक्टर ऑफिसातून रिटायर झालेले एक साहेब होते. सगळी नोकरी परवानग्या देण्यात-अडवण्यात गेली. विमान वर गेलं तसे ते उठले, मागच्या माणसाकडे वळले आणि म्हणाले, "मी आता सीट मागे घेत आहे. हरकत असल्यास आत्ताच सांगा."

मागचा माणूस गाढ झोपलेला.

"साहेब, झोपला तो. घ्या ना मागे," मी म्हणालो.

"असं कसं? त्याची बाजू ऐकून घ्या लागन ना!"

साहेब ताठ बसून त्याच्या उठण्याची वाट पाहत राहिले. तो उठला तेव्हा विमान दिल्लीच्या जमिनीवर पळत होतं. साहेबांनी ताबडतोब वळून विचारलं, "तर मग, हरकत नाई ना?"

*

दुसरा किस्सा ऐकून लोक हसतात. मला अजून राग येतो.

सेलूचे एक कापसाचे व्यापारी, शेठजी म्हणू. मुलाचं लग्न नुकतंच झालेलं, म्हणून व्याह्यांनाही टूरला आणलेलं. व्याही रोहण्याचे, शांत माणूस, पाच वाक्यांतली चार गिळणारा. सीटा अशा आल्या की शेठजी पुढे आणि मुलीचा बाप बरोब्बर त्यांच्या मागे.

विमान हललंही नव्हतं, शेठजींनी सीट पार मागे ढकलली. हवाई सुंदरीने येऊन सरळ केली. ती वळली, यांनी पुन्हा मागे! मी समजवायला गेलो तर म्हणतात, "तिकीट पुऱ्या सीटचं घेतलं मी. अर्ध्या सीटचं घेतलं काय?"

जेवण आलं. व्याह्यांच्या छातीला ट्रे टेकलेला. घास तोंडापर्यंत न्यायला हाताला जागा नाही. मी म्हणालो, "काकाजी, सांगा ना त्यांले."

"राहू दे भाऊ. मले भूक नाई."

"मी सांगतो."

त्यांनी माझं मनगट धरलं. "नको जी. पोरगी त्यांच्या घरी हाय."

परतीच्या वेळी बोर्डिंग पास माझ्याच हातात होते. मी मुद्दाम उलटं केलं. व्याही पुढे, शेठजी मागे! मजा बघायला स्वतः शेजारच्या रांगेत बसलो. विमान वर गेलं. व्याही ताठ. अर्धा तास गेला, तरी ताठ. शेवटी मीच वाकून म्हणालो, "काकाजी, आता घ्या! पुरी घ्या!"

मागून शेठजीही मोठ्या मनाने म्हणाले, "घ्या न व्याही, लाजता काऊन?"

"नाई जी," व्याही म्हणाले, "मले सरळच बसाची सवय हाय."

*

एक काकू होत्या. एकट्याच आलेल्या. नवरा नाही, मुलगा परदेशात. त्यांच्या मागच्या सीटवर एक लहान पोर होतं आणि ते यांच्या पाठीवर मागून गुडघे मारत होतं. धप, धप, धप. काकूंची सीट हलताना मला लांबून दिसत होती.

मी जाऊन म्हणालो, "काकू, त्याच्या आईले सांगू काय?"

"काऊन?"

"त्रास होते ना तुम्हाले."

"राहू दे बाप्पा," काकू म्हणाल्या. "पाठीले कोणाचं काई लागून लई वर्षं झाले."

हा किस्सा मी हसवायचा म्हणून सांगायला सुरुवात करतो. दर वेळी इथे येऊन अडतो.

*

आता एका माजी प्राचार्यांचा. त्यांना आपलं भाषण संपल्याचं कधीच कळत नसे. विमानात त्यांनी खिडकी मागितली, मिळाली. त्यांनी बटण दाबलं. सीट हलेना. पुन्हा दाबलं. पाठीने रेटलं. शेजारच्याला म्हणाले, "तुम्ही रेटा!" दोघं रेटू लागले. अख्खी रांग गदागदा हलली, सीट जागची हलली नाही.

हवाई सुंदरीने सांगितलं, की ही इमर्जन्सी दरवाजाच्या पुढची रांग. इथल्या सीटा मागे जात नाहीत, म्हणजे दरवाजाची वाट मोकळी राहते. मला हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. प्राचार्यांनी तिचं ऐकून घेतलं आणि मान माझ्याकडे वळवली. सगळ्या विमानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "इंजिनिअरिंग पुरं केलं असतं, तर गेली असती!"

आमची सगळी टोळी हसली. हसा!

मी बसायचो दरवाजाजवळच्या रांगेत, म्हणजे या न हलणाऱ्या सीटांच्या बरोबर मागे. कारण तिथे म्हाताऱ्यांना बसू देत नाहीत आणि टोळीत तरुण मी एकटा. तिथून समोरच्यांची टाळकी मला छान दिसायची. पुढे मी एक केलं. विमानतळावरच्या माझ्या भाषणात एक वाक्य वाढवलं, "दरवाजाच्या पुढच्या रांगेतली सीट मागे जात नाही, नंतर मला बोलायचं नाही." आणि ज्याच्यावर माझा राग असेल त्याला ती सीट द्यायला लागलो. माझ्या रागाला सीटा कमी पडायच्या.

*

आणि मग एका टूरला आई-बाबा आले.

बाबांच्या शाळेतल्या रिटायर मास्तरांनी मिळून बुकिंग केलं होतं, त्यांनीच बाबांना ओढलं. मला काकांकडून कळलं. घरी आई नुसती म्हणाली, "जमवून घेजो, बाबू."

काय जमवून घेणार? दिल्लीला बसमध्ये मी ड्रायव्हरजवळ उभा. बाबा पहिल्याच सीटवर. हात लांबवला तर खांद्याला लागेल. आणि बाबा आईला म्हणतात, "त्याले विचार, जेवाले कुठं थांबणार." आई मला विचारते. मी आईला सांगतो. आग्र्यापर्यंत मास्तरांच्याही हे अंगवळणी पडलं. एक जोशी मास्तर होते, ते आईकडे येऊन म्हणाले, "वहिनी, मॅनेजरले विचारा न, संडास कुठं हाय!"

आई हसली. मीही हसलो. बाबा ताजमहालाकडे बघत होते.

हरिद्वारला संध्याकाळी घाटावर सगळे पाण्यात पाय सोडून बसले होते. मी मागे, सगळ्यांच्या चपला राखत. बाबांची चप्पल अंगठ्याशी तुटलेली दिसली. मी बाजारात जाऊन शिवून आणली आणि होती तशी ठेवून दिली. बाबांनी घातली. दोन पावलं चालले, थांबले, खाली पाहिलं. मग आईला म्हणाले, "चाल."

परतीला दिल्लीच्या विमानतळावर मी पास वाटायला उभा राहिलो. माझं भाषण सगळ्यांनी ऐकलेलं, त्यामुळे ती न हलणारी सीट घ्यायला कोणी तयार होईना. जोशी मास्तर म्हणाले माझी कंबर, दुसरे म्हणाले माझा मणका. आईला मी पुढची खिडकी दिली, तिच्या मैत्रिणीशेजारी. सगळे पास संपले. एक उरला आणि बाबा उरले.

आई दूर होती. मध्ये कोणी नव्हतं, ज्याच्यामार्फत बोलावं.

"ही सीट मागं जात नाई," मी हवेत म्हणालो.

बाबांनी पास घेतला. चष्मा वर करून नंबर पाहिला. खिशात ठेवला.

म्हणजे विमानात बाबा माझ्या पुढ्यात. दोन वर्षांत मी त्यांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. मानेवरचे केस पांढरे झालेले. कॉलर उलटून पुन्हा शिवलेली. विमान वर गेलं, सीटबेल्टचा दिवा विझला, आणि पुढच्या सगळ्या मास्तरांच्या सीटा खाड खाड मागे आल्या. बाबांच्या पुढच्याचीही आली. बाबा ताठ.

मी डोळे मिटून घेतले.

"ऐक," आवाज आला.

डोळे उघडले. दोन सीटांच्या फटीत बाबांच्या चष्म्याची एक काच दिसत होती.

"मागं घेऊ का थोडी?"

मी आईला शोधलं. आई पार पुढे, खिडकीला नाक लावून बसलेली.

"घ्या न, बाबा," मी म्हणालो.

बाबांनी बटण दाबलं. पाठ टेकवली, जोर दिला. सीट सूतभरही हलली नाही.

"झाली," बाबा म्हणाले. आणि थोडं थांबून, "तुले अडचण नाई न होऊन राह्यली?"

"नाई," मी म्हणालो, आणि गुडघे मागे ओढून घेतले.