बहिणीच्या कॅसेटवरचा आंधळा

गाणं नासवणारा माणूस दिसला की रामधनकाका थुंकत. आर्णीत त्यांचं टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्यासमोर भर मे महिन्यातही चिखल असे. एकदा लग्नाचा डीजे तिथून गेला, तेव्हा समोरचा पानठेला वाहून जाता जाता वाचला.

मी फोनवर एक अमेरिकन ब्लूज, म्हणजे तिकडच्या काळ्या लोकांचं दुःखाचं गाणं, ऐकलं आणि पुढे कोणाला ऐकू, हे विचारायला त्यांच्याकडे गेलो. रेडिओवरून असली गाणी कॅसेटवर भरणारा तालुक्यात तो एकच प्राणी. त्यांनी वैद्यासारखी मात्रा ठरवून दिली. आधी बोटात बाटलीची मान घालून गिटार रडवणारा आंधळा. मग नवऱ्याला शिव्या घालणारी जाड आवाजाची बाई. आठवड्याला एकच माणूस. मी दोन दिवसांत सहा जण उरकून आलो, तर त्यांनी माझ्याकडे किडक्या वांग्याकडे पाहावं तसं पाहिलं.

"तू ऐकून नाही राह्यला बे, गिळून राह्यला. थो कायले रडते, हे इचारलं का त्याले?"

मी दुकानात असतानाच त्यांची नात पूजा आली. तिचं लग्न आठ दिवसांवर होतं. बंजारा नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून ढावलो गाते, रडत रडत. तो अख्खा येणारी तांड्यातली शेवटची बाई म्हणजे काकांची थोरली बहीण जमना. ती गेली होती; पण तिच्या ढावलोची कॅसेट होती. पूजाला ढावलो पाठ करायला ती हवी होती.

काकांनी कॅसेट लावली. आतून आंधळ्याची गिटार वाजू लागली.

त्यांनी खटकन बटण दाबून टेप थांबवला. मग म्हणाले, "हा रेडिओवर लागला त्या दिवशी कोरी कॅसेट नव्हती. म्हटलं, बाई तं घरातच हाये, पुन्हा गाईल." त्यांनी कॅसेट बाहेर काढून मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरली. "सात समुद्रापलीकडचं रडणं जपलं, अन् बहिणीचं पुसलं. माह्यासारखा घाणेरडा माणूस तांड्यात नसन."

लग्नात त्यांनी डीजेची वायर उपटली आणि स्वतःच ढावलो सुरू केला. ढावलो बायकांचा, पुरुषानं गायचा नसतो. आवाज असा, की डांबरी रस्त्यावरून पत्रा ओढत नेतायत. वऱ्हाडातले बाप्ये चुळबुळले. नवरदेवाच्या मामानं तर, काय किळसवाणं म्हणून, तोंड फिरवलं. काकांना अर्धाच येत होता. ते अडले, तशी मांडवातून एका म्हातारीनं पुढची ओळ दिली. मग दुसरीनं. पूजा त्यांच्या गळ्यात पडून एकेक ओळ उचलत गेली, आणि शेवटी नवरी कोण नि सासरी कोण चाललंय, हेच कळेना.

मी फोन काढला. काकांनी गाता गाताच माझा हात खाली दाबला.

पूजाची जीप दिसेनाशी झाल्यावर मी कुरकुरलो, की निदान एवढं तरी भरून घेऊ द्यायचं होतं.

"कायले?" ते म्हणाले. "पोरीले पाठ झालं ना."