पत्रात गुन्हा लिहिलेला नाही

हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. भावाला नाही. मला ग्रीक शिकवणाऱ्या म्हाताऱ्या फादरनाही नाही — त्यांच्याकडे तर असलं ऐकून घ्यायची रीतच असते. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

पत्रापासून सुरुवात करते.

मी सदाशिव पेठेत राहते. कॉलेजात मराठी शिकवायचे, आता निवृत्त. मी ख्रिस्ती नाही. आडनाव सांगितलं तर हसाल. पण पत्रवाङ्मय हा माझा विषय. पन्नाशी उलटल्यावर पहिल्या शतकातल्या एका ख्रिस्ती पत्रानं मला असं धरलं, की ते मुळातून वाचता यावं म्हणून मी दर शनिवारी कॅम्पात जाऊन ग्रीक गिरवू लागले. पत्र एका पानात मावेल एवढंच. तुरुंगातला एक वृद्ध माणूस आपल्या सधन स्नेह्याला लिहितो — तुझा गुलाम माझ्याकडे आला होता, त्याला परत पाठवतोय, पण आता गुलाम म्हणून नको, भाऊ म्हणून घरात घे. बस. पण बांधणी अशी, की आपण बघत राहावं. गुलामाचं नाव तो लगेच घेत नाही. आधी मालकाची स्तुती, मग विनवणी, मग 'माझं लेकरू', आणि मालक पुरता विरघळला की नाव. 'आतडी' हा शब्द तीनदा येतो — आरंभी, मध्ये, शेवटाकडे. आपण आतडं तुटतं म्हणतो ना, तेच. या सगळ्याचा मी रंगीत पेन्सिलींनी मोठा तक्ता केला होता. तो जेवणाच्या टेबलावर पसरलेला असायचा.

आणि माझा मुद्दा, ज्याच्यावर माझं थोडंफार नाव झालं, तो असा: त्या गुलामानं काय गुन्हा केला ते पत्रात लिहिलेलंच नाही. काही वावगं केलं असेल तर, एवढंच आहे. तो चोर होता हे नंतरच्या भाष्यकारांनी ठरवलं. नोकर माणूस घर सोडून गेला — म्हणजे काहीतरी केलंच असणार, नाही का?

मी वळसे घेतेय. कळतंय मला.

आई माझ्याजवळ राहायची. जन्मभर शाळेत शिकवलेली बाई. शेवटची चार वर्षं तिला काही आठवेना. घरात बसून "मला घरी सोड" म्हणायची, दिवसातून पन्नास वेळा. भाऊ दिलीप बंगळुरात. दहा ते सहा आईला सांभाळायला कौसल्याबाई यायच्या — मुळशीकडच्या, पंचेचाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्या आईची वेणी घालायच्या, तिच्याशी भेंड्या खेळायच्या; गाणी तेवढी तिला आठवायची. आई हरली की रुसायची, म्हणून मुद्दाम स्वतः हरायच्या.

दहाच्या आधी आणि सहाच्या नंतर मी असायचे.

पहिली चापट मारली तेव्हा आईनं तोंडातला घास माझ्या अंगावर थुंकला होता. मी रडले, तिचे पाय धरले. दुसऱ्या वेळी रडले नाही. नंतर चिमटे, दंड धरून गदागदा हलवणं, केस ओढणं. कुठे मारलं की बाहेरून दिसत नाही हे हाताला आपोआप कळतं — हे तुम्हाला ठाऊक होतं का? मला नव्हतं. थकवा होता, झोप नव्हती, सगळं खरं. पण खोटं कशाला बोलू — मारताना बरं वाटायचं. अंगातलं काहीतरी मोकळं व्हायचं.

एका सकाळी मी आंघोळ करून आले तर आई टेबलाशी उभी. तिनं तक्ता फाडला होता, आणि एकेक तुकडा पाण्याच्या तांब्यात बुडवून भिंतीला चिकटवत होती. अगदी मन लावून. वर्षभराचं काम. माझ्या हाताशी स्टीलची फूटपट्टी होती. मी मारलं. सपाट बाजूनं, मग धारेनं. पाठीवर, खांद्यावर, दंडावर. कातडी फाटली, रक्त आलं. तिनं तोंड झाकायला हात वर केला तेव्हा मी तो मनगटाशी धरून पिरगळला. हाड मोडल्याचा आवाज आला. मला तो ऐकू आला. तरी मी हात सोडला नाही.

सोडला, तो दारात कौसल्याबाई उभ्या दिसल्या म्हणून. त्यांच्याकडे किल्ली असायची. त्यांनी माझ्या हातातली पट्टी काढून घेतली, फ्रिजवर ठेवली, आईचा हात आपल्या पदरात गुंडाळला आणि म्हणाल्या, "रिक्षा आणा."

डॉक्टरांना मी सांगितलं, बाथरूममध्ये पडली. कौसल्याबाई शेजारी उभ्या होत्या, बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "या टायमाला गप बसले, ताई. परत हात उचलला तर दादांना सांगनार हाय."

चार दिवसांनी दिलीप आला. आईचे कपडे बदलताना त्यानं तिची पाठ पाहिली. पट्टीच्या रेघा मोजता येत होत्या. त्यानं मला विचारलं, हे काय आहे. आणि मी — तुम्हाला नेमकं सांगते, कारण मी शब्दांचा अभ्यास केलेली बाई आहे — मी आधी म्हटलं, आई किती सोसते रे. मग म्हटलं, मी दिवसभर कॉलेजात असते. मग थोडं थांबून म्हटलं, घरात कौसल्याबाई असतात. एकही वाक्य खोटं नव्हतं. नाव मी शेवटी घेतलं.

दहाला त्या जिना चढून आल्या. दिलीपनं त्यांना चप्पलही काढू दिली नाही. केसांना धरून भिंतीवर आपटलं, कानाखाली मारलं, पुन्हा मारलं. त्या जिन्याच्या लोखंडी कठड्यावर पडल्या, डाव्या कानातून रक्त गळ्यावर आलं. दारं उघडली. शेजारी काय झालं विचारत होते, आणि दिलीप ओरडला, "म्हाताऱ्या बाईला मारते ही." मग समोरचे निवृत्त बँकवाले, इतके मवाळ गृहस्थ, त्यांनी लाथ घातली. कुणीतरी कौसल्याबाईंची पिशवी खाली भिरकावली; डबा फुटून भाकरी पायऱ्यांवर पडली, ती तुडवली गेली.

आतून आई आली. प्लास्टरातला हात माझ्याकडे करून म्हणाली, "तिला नका मारू. ही मारते."

दिलीपला रडू आलं. "बघ," तो मला म्हणाला, "आता तिला माणसंही कळेनाशी झाली."

कौसल्याबाईंनी मान वर केली. एक डोळा मिटत चालला होता. "ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगा."

मी आईला दंडाला धरून आत नेलं आणि दार लावून घेतलं.

पोलिसात जायचं नाही असं दिलीपनंच ठरवलं, ते त्याला मोठेपणाचं वाटलं. ज्या संस्थेनं कौसल्याबाईंना पाठवलं होतं तिनं त्यांचं नाव यादीतून काढलं. पुढे कुठल्याच घरात त्यांना काम मिळालं नाही. जाताना दिलीप हॉलमध्ये आणि आईच्या खोलीत कॅमेरे लावून गेला — नव्या बाईवर लक्ष ठेवायला. त्या दिवसापासून मी आईला मारलं नाही. पश्चात्ताप झाला म्हणून थांबले असं लिहायचा मोह होतोय. कॅमेऱ्यामुळे थांबले.

तक्ता मी पुन्हा केला. वर्षाच्या आत तो निबंध एका चर्चासत्रात वाचला. न केलेल्या गुन्ह्याचा शिक्का दुबळ्या माणसावर कसा बसतो, यावर मी बोलले. चांगली बोलले. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिनं विचारलं, मालकानं त्याला काय केलं होतं, याबद्दल पत्रात काही आहे का? मी म्हटलं, "आपण मजकुरात काय आहे ते वाचतो. नसलेलं वाचायला ज्योतिषी असतात." सभागृह हसलं. ती मुलगी खाली बसली.

त्यानंतर दीड वर्षानं आई गेली.

मागच्या श्रावणात मी बुधवार पेठेत गेले होते, तेव्हा हारवाल्यांच्या रांगेत कौसल्याबाई दिसल्या. गजरे ओवत होत्या. गिऱ्हाईक बोललं की मान वळवून उजवा कान पुढे करत होत्या. मी वळून जायच्या आत त्यांनी मला पाहिलं.

"आजी कशा हायत?"

"गेल्या," मी म्हटलं. "बरीच वर्षं झाली."

त्यांनी हातातलं फूल ओवलं. मग म्हणाल्या, "सुटल्या."

आणि पुढचं फूल उचललं. बाकी काही विचारलं नाही, काही सुनावलं नाही. मीही बोलले नाही. तिथे बोलता आलं असतं. गर्दी होती, पण एवढी नव्हती.

दिलीप ती जिन्यावरची गोष्ट अजून सांगतो. कुणाच्या घरी म्हाताऱ्या माणसासाठी बाई ठेवायची असली की हमखास — सावध राहा, आमच्याकडे एक होती, मी तिला चांगला धडा शिकवला. मी तिथे बसलेली असते. कुणी माझ्याकडे पाहिलं तर मान हलवते.

कौसल्याबाईंनी आईला कधी बोट लावलं नाही. मारत होते मी. हे छापून येईल तेव्हा दिलीपला कळेल.