कोफीची पेठ

आमच्या तालमीच्या कट्ट्यावर किस्से संपत न्हाईत. एक सांगाय घ्यावा, तर त्याच्या मागनं चार उठून येतात. आणि हल्ली निम्मे किस्से थेट आफ्रिकेतनं येतात, खोटं न्हाय सांगत!

कोल्हापुरात, आमच्या पेठेत फुटबॉल म्हंजे जीव की प्राण. पूर्वी जिल्ह्यातल्याच गगनबावड्याचा पोरगा तालमीच्या संघात घेतला, तरी 'बाहेरचा' म्हणून आठवडाभर भांडणं चालायची. यंदा? घानाचा कोफी! राहायला आमच्या माडीवर. गावी आई एकटी, तिच्या घराचं छप्पर वादळात उडालेलं. ते घालायचं म्हणून गडी एवढ्या लांब खेळायला आला.

पहिल्याच दिवशी त्याला तांबडा रस्सा वाढला आणि आम्ही पाण्याचा तांब्या घेऊन टपून बसलो. त्यानं वाटी संपवली, बॅग उघडली आणि आईनं दिलेली सुक्या मासळीची काळी चटणी काढली. आमचा बापू तिखटाचा बादशहा. त्यानं चमचाभर तोंडात टाकली. मग तांब्या बापूलाच लागला!

"पावणं," बापू डोळं पुसत म्हणाला, "तुमच्याकडं बी कोल्हापूर हाय की!"

*

कोफीची आई रोज व्हिडिओ कॉल करायची. एकदा कोफी मोबाईल घरात विसरून सरावाला गेलेला. कॉल माझ्या बायकोनं, सुमननं उचलला. ही मराठीत, ती तिच्या भाषेत. चांगला अर्धा तास!

"काय बोलत होतीस?"

"त्यांचं गुडघं लई दुखत्यात."

"तुला कसं कळलं?"

"त्यांनी दाखवलं. मग मी माझं दाखवलं."

तवापासनं कोफीच्या आईचा कॉल आला की आधी 'सुमन, सुमन'!

*

मॅच मोबाईलवर लाइव्ह दिसते. कोफीनं पहिला गोल मारला, त्या संध्याकाळी त्याच्या गावचा व्हिडिओ आला. दुकानापुढं पोरांची ही गर्दी, सगळी एका मोबाईलवर वाकलेली, आणि ओरडतायत आमच्या पेठेच्या नावानं! अंगावर काटा आला राव. हितं जवळच्या हातकणंगल्यात कोण आमचं नाव धड घेत न्हाय, आणि तिकडं समुद्रापलीकडं जयजयकार!

*

मग पलीकडच्या पेठेनं डाव टाकला. "पुढच्या वर्षी आमच्याकडनं खेळ. आईचं छप्पर आम्ही लगेच घालून देतो."

आमच्या तालमीची तेवढी ऐपत न्हाय. हितं जन्मलेला माणूस मेला तरी पेठ बदलत न्हाय, पण हे पोरगं आलंय तेच आईपायी. शेवटी मीच म्हणालो, "जा बाबा. आई पहिली."

कोफीनं आमच्या माडीवर आम्हा सगळ्यांसमोरच आईला फोन लावला. सुमन चहा घेऊन आली ती दारातच थांबली. आईनं मोबाईल फिरवून घर दाखवलं. नुसत्या भिंती, वर ताडपत्री. कोफी तिला बराच वेळ समजावत होता. ती निवांत ऐकत होती. मग तिनं एकच काहीतरी विचारलं, आणि कोफी दाराकडं बघाय लागला.

"काय म्हणत्यात रं?" बापूनं विचारलं.

कोफी आता आमच्यासारखंच बोलतो.

"आई इचारतीया, त्या पेठेत सुमन हाय काय?"