रजियाआपांचा ठराव

“पाह्य, आपा आली. स्टूलबी घरूनच आणला!” ग्रामसभेच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या पायरीवर कुणीतरी कुजबुजलं आणि हसू पसरलं.

रजियाआपांनी ते ऐकलं. काखेतला निळा प्लास्टिकचा स्टूल पहिल्या रांगेपुढे ठेवून त्या ऐसपैस बसल्या. “हसा, हसा. तुमच्या खुर्चीवर बसलं का तुमच्या मनासारखं छापा लागते.”

इंझोरीत राहून आपा मानोरा तालुक्याचं चारपानी साप्ताहिक चालवत. संपादक त्याच, बातमीदार त्याच, गठ्ठे वाटणाऱ्याही त्याच. कॉलेज संपवून मी गावी आले तेव्हा त्यांनी मला मुद्रितं तपासायला बसवलं. माझी शाळा इंग्रजी. मराठी अजून जपून वाचते, असं मी सांगितलं. “तेच पाह्यजे मले. भराभर वाचणाऱ्याले चूक दिसत नाई, पोरी.” मी फारशी बोलतही नसे. आपा दोघींच्या वाट्याचं बोलत.

एकदा तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला निघायच्या बेतात होती. मागे राहणाऱ्या मुलांसाठी वसतिगृह होतं, पण अर्जाची नोटीस लागली होती तालुक्याच्या कचेरीत, आतल्या भिंतीवर. “भिंत काय एसटीत बसून तांड्यावर जाते?” म्हणत आपांनी ती पहिल्या पानावर छापली आणि गठ्ठा घेऊन स्वतःच एसटीत बसल्या. प्रत्येक तांड्यावर उभं राहून मोठ्यानं वाचली. त्या हंगामात कितीतरी मुलं शाळेत टिकली.

तेच साप्ताहिक आता बंद पडायला आलं होतं. छपाई महागली होती आणि सरकारी जाहिराती शहरातल्या दैनिकांकडे जात होत्या. आपांचं म्हणणं साधं होतं: तालुक्यातल्या सरकारी नोटिसा तालुक्यातल्याच पत्रात छापायचा नियम सरकारनं करावा, छपाईचे पैसे द्यावेत आणि बातमीत मात्र बोट घालू नये. “मी दान नाई मांगून राह्यली. धोरण मांगून राह्यली!” गावोगावचे असे ठराव गोळा करून त्या थेट मंत्रालयात धडकणार होत्या. पहिला मान इंझोरीचा.

ठराव वाचताना त्यांचा आवाज असा चढला की बाहेरची माणसंही दारात येऊन उभी राहिली. सरपंच म्हणाले, “आपा, आमच्या नालीवर लिवता, अन् आमच्याच सभेत ठराव?”

“लिवलं म्हून तं नाली झाली, भाऊ!”

सभा खदखदून हसली. आता ठराव होणार, असं मला वाटलं.

ग्रामसेवकांनी पेन उचललं. “सूचक रजियाआपा. अनुमोदन कोणाचं? दुसरं नाव नसेल तर ठराव पुढे जात नाही.”

हसणं थांबलं. आपांच्या बातमीनं दुखावलेला नालीचा ठेकेदार मान वळवून एकेकाकडे बघत होता. दर आठवड्याला आपांचं पत्र पहिलं मागणारे काका चपला शोधू लागले. आपा सरळ समोर बघत बसल्या. त्यांनी मला बोलायला कधीच सांगितलं नव्हतं, तेव्हाही नाही.

मी उठले. शेजारच्या काकूंनी ओढणी धरली. “बस व बाई. तुले कायले पाह्यजे?”

“माझं अनुमोदन,” मी म्हणाले. ग्रामसेवकांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी वहीचं पान उलटायला घेतलं.

“थांबा! माझं अनुमोदन आहे. माझं नाव लिहा!”