नाळेचा डबा

प्रसूतिगृहातल्या आयाला सगळे मावशी म्हणत आणि पाठीमागे शंकेखोर मावशी. कुणी दोनदा हसून बोललं की तिच्या कपाळाला आठी पडलीच. कामात मात्र हयगय नाही. बाळंतपण झालं की वार आणि नाळ ब्लीचच्या बादलीत बुडवायची, मग पिवळ्या पिशवीत बांधायची. हयात त्यातच गेली.

नव्या डॉक्टरीणबाईंनी ही रीत मोडली. नाळ आता बादलीत नाही, बर्फाच्या डब्यात. डबा न्यायला एक दाढीवाला मोटारीतून येऊ लागला आणि मावशीच्या मनात पाल चुकचुकली. कचरा न्यायला कुणी मोटार पाठवतं होय? तिने त्याला जिन्यातच गाठलं. नाळेत मूळ पेशी असतात, त्यांच्यावर संशोधन चालतं, उद्या कुणाचा आजार बरा होईल, असं बरंच काही त्याने सांगितलं. बायांना विचारलं का, म्हटल्यावर हसला.

"टाकून द्यायच्या वस्तूचं काय विचारायचं, मावशी?"

हे तिला झोंबलं. जिच्या पोटातून ती वस्तू निघाली, त्या बाईची काही किंमतच नाही! ती तडक डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली आणि भांडली. बाई ओशाळल्या, यापुढे प्रत्येकीला विचारीन म्हणाल्या. मावशीचा काडीचा विश्वास बसला नाही. गोड बोलून वेळ मारून नेतायत, असं ती स्वयंपाकिणीपासून चौकीदारापर्यंत सगळ्यांना सांगत सुटली.

पुढे तिची स्वतःची लेक तिथेच बाळंत झाली. मुलगी झाली, धडधाकट. डॉक्टरीणबाई टाके घालण्यात गुंतलेल्या, डबा उघडा, दाराबाहेर दाढीवाला. माझ्या लेकीचं काही जाऊ द्यायची नाही, असं मनाशी म्हणत मावशीने नाळ उचलली आणि बादलीत बुडवली. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला.

खोलीत आल्यावर लेकीने आधी डब्याचंच विचारलं.

"रिकामा गेला," मावशी ऐटीत म्हणाली. "मी आहे ना इथे."

लेकीने डोळे मिटून घेतले. मग हळूच म्हणाली, "बाईंनी मला विचारलं होतं, आई. कळा सुरू व्हायच्या कितीतरी आधी. मी हो म्हटलं होतं."

"मला नाही सांगितलंस?"

"तू मोडता घातला असतास. विचारत नाहीत म्हणून भांडलीस ना? मग तू मला विचारलंस?"

मावशीने नातीला घ्यायला हात पुढे केले. हातांना ब्लीचचा वास येत होता. तिने ते मागे घेतले आणि धुवायला गेली.