सीटखालचं लिंबू

महायुद्धानंतरच्या काळातली ती बिनटपाची स्पोर्ट्स कार माझ्या लेकीनं मिशिगनच्या थंडीत, आमच्या गॅरेजमध्ये खपून उभी केली. आत नळ्यांचा सांगाडा, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, तोही इतका पातळ की अंगठा दाबला तर पोचा पडावा. "बाबा, ही इंजिनवर नाही जिंकायची," ती सांगायची. "लाइट होती ना, सो मोठ्या गाड्या टर्नच्या आधीच ब्रेक मारायच्या, ही सगळ्यांच्या नंतर." हे ऐकून बापाला बरं वाटेल असं तिला का वाटलं, देव जाणे.

जुन्या गाड्यांच्या शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली त्या सकाळी मी कुंपण घट्ट धरून उभा होतो. गाड्या सुटल्या आणि शेजारून बायको समाधानानं म्हणाली, "अहो, चाकाखाली लिंबू ठेवू दिलं नाही त्या लोकांनी. मग चेकिंग झाल्यावर मी एक तिच्या सीटखाली सरकवलं."

"सुटं?"

"मग काय बांधून?"

चेकिंगमध्ये गाडीतलं सुटं नाणंसुद्धा काढायला लावतात, ते उगाच नाही. पाय ठेवायला वीतभर जागा. ती ब्रेक मारणार, लिंबू घरंगळत पुढे येणार आणि पेडलखाली अडकणार. मी शर्यत थांबवायला झेंडेवाल्याकडे धावलो, पण त्या आवाजात त्याला लिंबू काय समजावणार? त्यानं मला हातानंच मागे सारलं. बायकोनं माझा चेहरा पाहिला आणि तीही कुंपण धरून उभी राहिली.

दर फेरीला वळणाशी बाकीच्यांचा आवाज उतरायचा, तिचा उतरायचा नाही. तेवढ्या वेळात मी दर वेळी तिला गमावून बसायचो. मग वळणापलीकडे तिचं हेल्मेट दिसायचं.

ती कितवी आली ते मी पाहिलंच नाही. गाडी आत येताच सीटखाली हात घातला. काही नव्हतं.

"नको शोधूस, बाबा." तिनं सूटची चेन उघडून आतून लिंबू काढलं. "सीट ॲडजस्ट करताना हाताला लागलं. आय न्यू, आईनंच ठेवलं."

"मग फेकलं का नाहीस?" मी डाफरलो.

ती हातमोजे ओढून काढू लागली. "भीती वाटत होती."

लिंबू तिच्या अंगाच्या उबेनं गरम झालं होतं. दुपारी दुसरी शर्यत होती. मी ते तिला परत दिलं आणि सूटची चेन मीच वर ओढली.